शेकड्याला पाचुंदे किती?

शाळेच्या शिपायाकडं दोन गोष्टी असतात, किल्ल्या आणि घंटा. किल्ल्या हरवल्या तर हेडमास्तर ओरडतात, घंटा चुकली तर सगळं गाव ओरडतं. एकतीस वर्षं मी दोन्ही सांभाळल्या. पण माझ्याकडं तिसरंही एक काम होतं, जे कुठल्याच नेमणुकीच्या कागदावर नव्हतं. चौथीच्या पोरांची गणिताची उजळणी मी घ्यायचो. तीही खेळातून. डी.एड. झालेल्या मास्तरांनी येऊन बघावी अशी घ्यायचो. दोघं येऊन बघून पण गेले.

माझं शिक्षण चौथी. वर्गात दुसरा नंबर. वर्गात आम्ही तिघं होतो आणि तिसरा परीक्षेच्या दिवशी करडं राखायला गेलता, हे मात्र कुणी विचारल्याशिवाय मी सांगत नाही. पण त्या काळची चौथी म्हणजे काय होती! नुसते पाढे नाहीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे सुद्धा पाढे. सगळे तोंडपाठ. आजही मला झोपेतून उठवून विचारा, तेरा दिडे किती. साडेएकोणीस. आता तुम्ही बसा बोटं मोजत.

आमचं गाव आष्टीपासून दहाबारा मैलांवर. केंद्रशाळा होती म्हणून शिपायाची जागा होती. पोरं मला मामा म्हणायची, त्यांच्या आया पण मामाच म्हणायच्या, आणि शेवटी शेवटी माझी बायको पण बाहेर मामाच म्हणायला लागली.

उजळणीचं काम माझ्याकडं आलं ते दुष्काळामुळं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. गावाला टँकर सुरू झाला. सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी काढली. आणि चौथीच्या देशमाने गुरुजींना वरून हुकूम आला, टँकरच्या खेपा लिहायला बसा. गुरुजी विहिरीपाशी खुर्ची टाकून बसले आणि जाताना मला म्हणाले, "मामा, वर्गाकडं बघा जरा. नुसते पाढे म्हणून घ्या, बाकी काही करू नका."

बाकी काही करू नका, असं मला कुणी सांगितलं की मला बाकीचंच सुचतं. हा माझा जुना रोग आहे.

पहिले दोन दिवस पाढे म्हणून घेतले. पोरं अशी सुरात म्हणत होती की कीर्तनकारानं चाल मागून न्यावी. तिसऱ्या दिवशी मी मधूनच एकाला विचारलं, "सात आठे?" पोरगं गप्प. मग हळूच खालून चढायला लागलं, सात एके सात, सात दुणे चौदा... छपन्नापर्यंत येईतो त्याला घाम फुटला. दुसऱ्याला विचारलं, तेच. सगळा वर्ग असा. पाढा यांना येत नव्हता, पाढ्याची चाल येत होती. जिना चढता येतो, पण पाचव्या पायरीवर एकदम उभं करा म्हटलं तर जमत नाही, तसं.

तिथून खेळ सुरू झाला. दोन संघ केले. नावं पोरांनीच दिली. एक टँकर, एक छावणी. त्यांच्या डोक्यात तेव्हा तेवढंच होतं. दोन्ही संघ समोरासमोर रांगेत उभे. मी मधी घंटा घेऊन. प्रश्न विचारायचा, मनात पाच म्हणायचं, टोला द्यायचा. टोल्याच्या आत उत्तर आलं तर भिंतीवर खडूची एक रेघ. चुकलं तर तोच प्रश्न समोरच्या संघाला. बास. यात काय मोठं? पण दुसऱ्या दिवसापासून पोरं घंटेच्या आधी शाळेत यायला लागली, आणि शिपायाच्या जन्मात याच्याइतकी अवघड गोष्ट दुसरी नाही.

यात काही खुब्या आहेत, त्या सांगून ठेवतो. हुशार पोराला पहिला प्रश्न विचारायचा नाही. त्यानं उत्तर दिलं की बाकीची झोपतात. बुजऱ्या पोराला असा प्रश्न टाकायचा की त्याला येतोच, पण आपल्याला अवघड आहे असं त्याला वाटलं पाहिजे. दुसऱ्याच्या चुकीला जो हसेल त्याच्या संघाची एक रेघ पुसायची. आणि प्रश्न पुस्तकातले नकोत. "एका पेटीत बारा संत्री" असं म्हटलं की पोरं पेटीच बघत बसतात, आमच्याकडं संत्र्याची पेटी कुणी बघितलीय? त्यापेक्षा, "एका खेपेला प्रत्येकी तीन घागरी, घरात माणसं सहा, घागरी किती?" टोला पडायच्या आत अठरा यायचे. त्या अठरा घागरींतल्या निम्म्या त्यांनीच वाहिलेल्या असायच्या.

गिऱ्हाईकं पण एकेक होती. पांडू नावाचं एक पोरगं होतं. कुठलाही प्रश्न विचारा, ते म्हणायचं, "बारा." नऊ सक? बारा. साठातून पंधरा गेले? बारा. शेवटी मी विचारलं, "का रं, तुला बाराच का सुचतात?"

"मामा, कधी ना कधी बारा येनारच की."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मग मी आठवडाभर त्याला असेच प्रश्न घातले की बारा येणारच नाहीत. आठव्या दिवशी ते कंटाळलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हिशेब करून म्हणालं, "पंचेचाळीस." बरोबर होतं. स्वतःच इतकं दचकलं की खाली बसलं.

एकदा विस्तार अधिकारी आले, न सांगता. दारातच थबकले. "गुरुजी कुठं आहेत? शिपाई शिकवतो?"

म्हटलं, "शिकवत न्हाई साहेब, इचारतो."

"तुमचं शिक्षण किती?"

"चौथी. तुमचं?"

ते म्हणाले एम.ए., बी.एड. म्हटलं, "मंग टँकरकडून उभं ऱ्हावा. एक गडी कमी हाय." पोरांसमोर नाही कसं म्हणणार? राहिले बिचारे. मी विचारलं, "साहेब, चोवीसचे पाऊणपट किती?" ते वर बघायला लागले. टोला पडला. छावणीकडून एक चिमुरडी म्हणाली, "अठरा." साहेबांनी माझ्याविरुद्ध काही लिहिलं नाही, आणि चहा न घेता गेले. ते अठरा म्हणणारी पोरगी म्हणजे कौशी. खरं सांगायचं तर हे सगळं तिच्यासाठीच लिहायला घेतलंय.

कौशी म्हणजे कौशल्या, बबनची थोरली. बबन आणि त्याची बायको दरसाल दसरा झाला की ऊस तोडायला जायचे, चारपाच महिने तिकडंच. गावातली निम्मी घरं जायची, त्यांच्याबरोबर पोरं जायची, आणि माझ्या भिंतीवरच्या रेघा निम्म्या व्हायच्या. कौशी तीन वर्षं मागं राहिली होती, आत्याकडं. आता पाठचा भाऊ चालायला लागलेला. उसाच्या फडात त्याच्यामागं कुणीतरी पाहिजे, म्हणून यंदा पोरीला न्यायचं बबननं ठरवलं. एकदा फडात गेलेली पोरगी चौथीच्या परीक्षेला परत येत नाही, हे मी चांगलं जाणून होतो. बघितलं होतं कैक वेळा.

मी बबनला गाठलं. म्हटलं, "बबन्या, पोरगी लई हुशार हाय. ठिवून जा."

"मामा, तुमाला समदीच पोरं हुशार दिसत्यात."

"ही येगळी हाय."

"आसंल. मला काय दिसतं त्यातलं? मी बोटानं मोजनारा मानूस." मग जरा थांबून म्हणाला, "दाखवा की मंग. गावाम्होरं दाखवा. जिकली तर ठिवतो आत्याकडं. हारली तर पुन्यांदा माझ्या दाराम्होरं यायचं न्हाई."

मी म्हटलं, "लागली पैज."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या पटांगणात सामना ठेवला. सोसायटीच्या चेअरमननं कर्णा आणून दिला. पुरुष मंडळी पुढं सतरंजीवर, बायका मागं भिंतीकडंला. गुरुजी टँकरवर, ते नव्हते. पंच मी, प्रश्न माझे, घंटा माझी. आता सगळ्या गावाला ठाऊक होतं की कौशी माझी लाडकी. म्हणून मी मनाशी ठरवलं की तिला कणभर झुकतं माप द्यायचं नाही. दुसऱ्याला सोडीन, तिला सोडणार नाही. लोकांनी म्हटलं पाहिजे, पंच म्हणजे पंच.

सामना लई रंगला. पांडूला खरोखर बाराचा प्रश्न आला तर ते घाबरून अकरा म्हणालं. लोक हसून लोटपोट. शेवटी दोन्ही संघांच्या सतरा सतरा रेघा झाल्या. एक प्रश्न राहिला, आणि पाळी कौशीची. बबन पुढंच बसला होता, पोराला मांडीवर घेऊन.

मी प्रश्न काढला कडब्याचा. शेतकऱ्यांसमोर शेतकऱ्यांचाच प्रश्न. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कडब्याच्या पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. शंभर पेंढ्यांचा शेकडा. म्हणजे पुस्तकाप्रमाणं शेकड्याला वीस पाचुंदे. पण आमच्याकडं वाडवडलांपासून रीत अशी की विकणारा वीस मोजून झाले की वर एक पाचुंदा टाकतो. मागायचा नसतो, तो टाकतोच. म्हणून आमच्या गावात शेकडा म्हणजे एकवीस पाचुंदे. मी तसाच वाढलो.

मी कर्ण्यात विचारलं, "छावणीत चार शेकडे कडबा आला. पाचुंदे किती?"

मी मनात पाच म्हणायच्या आतच कौशी म्हणाली, "ऐंशी."

मी म्हटलं, "चूक. टँकर?"

टँकरच्या कडेला पाटलाचा नातू उभा होता. त्याच्या घरी कडब्याच्या गंजी असायच्या. तो म्हणाला, "चौऱ्याऐंशी." पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना डोलवल्या. एकजण म्हणाला, "बराबर हाय. शेकड्याला येकवीस. आमच्या आज्ज्यापासून."

कौशी जागची हलली नाही. म्हणाली, "मामा, वरचा पाचुंदा आता देत न्हाईत."

तेव्हा माझा नियम होता, पंचाला उलटून बोललं की एक रेघ पुसायची. मी तिच्या संघाची एक रेघ पुसली. मागं बायांत कुजबुज झाली, तिची आत्या काहीतरी म्हणाली. मी तिकडं बघून घंटा वाजवली. कर्णा हातात असला की माणसाला वाटतं, बोलायचं आपणच, बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं.

अठरा विरुद्ध सोळा. टँकर जिंकला. बबन उठला, पोराला खांद्यावर घेतलं आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "कडबा मोजता येईना मामा, आन् हुशार म्हनता." त्याच्या तोंडावर आनंद नव्हता. मला वाटतं, त्याला हरायचं होतं. कौशी बापामागं गेली. रडली नाही. मागं वळून फक्त भिंतीवरच्या पुसलेल्या रेघेकडं बघितलं.

लोक माझी पाठ थोपटत होते. मामा, तुमी लाडक्या पोरीला बी सोडलं न्हाई. आणि मी, खरं सांगतो, फुगलो होतो.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी गुरुजींची एक सही पाहिजे होती, ते छावणीवर आहेत असं कळलं म्हणून सकाळी छावणीवर गेलो. एरवी मी तिकडं जात नसे. माझ्या घरी ढोर नव्हतं, दुष्काळाच्या पहिल्याच साली गाय विकली होती. तिथं कडब्याचा ट्रक लागला होता. उतरवून मोजायचं काम बायांचं. पुरुष मंडळी चहाच्या टपरीवर बसून दुष्काळाबद्दल बोलत होती. म्हटलं, गुरुजी येईतो हात लावावा. मी मोजायला लागलो. अठरा, एकोणीस, वीस.

ट्रकवाला वरून म्हणाला, "झाला शेकडा. दुसरा धरा."

म्हटलं, "वरचा कुठाय?"

"वरचा काय?"

"वरचा पाचुंदा."

तो खदाखदा हसला. "मामा, कोन्त्या साली ऱ्हाता? कडबा सोन्याच्या भावानं इकाय लागलाय. वरचा मागितला तर मालक खालचा बी काढून घील."

मी म्हटलं, "कवापासून?"

शेजारी कौशीची आत्या पाचुंदे रचत होती. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "दोन वर्सं झाली. कौशी रोज माझ्यासंगं मोजायला येती. त्येच सांगत व्हती त्या दिशी. पर घंटा वाजली ना तुमची."

माझ्या हातातला पाचुंदा तसाच राहिला. पुस्तकाप्रमाणं ऐंशी बरोबर. दुष्काळाप्रमाणं ऐंशी बरोबर. चौऱ्याऐंशी फक्त माझ्या आणि सतरंजीवरच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात. ज्यांनी दोन वर्षांत एक पेंढी उचलली नव्हती, त्यांनी जी पोरगी रोज उचलत होती तिला चूक ठरवलं.

म्हटलं, "कौशी कुठाय?"

"गेली की. पहाटं टोळी निघाली. आष्टीला समद्या गाड्या जमत्यात, थितून म्होरं जातील."

आता मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो, पहिला विचार माझ्या मनात काय आला. गेली ती गेली, आता कुणाला कळतंय? आत्या दोन दिवस बोलेल आणि गप्प बसेल. मी जन्मात कुणाला "माझं चुकलं" म्हटलं नव्हतं. बायकोला नाही, हेडमास्तरला नाही. एकदा अर्धा तास आधी शाळा सोडली होती, तेव्हा पण घड्याळाला चूक म्हटलं. पण मघाशी मोजलेले वीस पाचुंदे पायाशी पडले होते आणि कितीही वेळा बघितले तरी ते वीसच होते.

दूध संघाचा टेम्पो कॅन घेऊन आष्टीला निघाला होता. पळत जाऊन चढलो. सही राहिली.

आष्टीत मोकळ्या जागेत सातआठ ट्रॅक्टर उभे. भांडी, कोपीला, म्हणजे फडावरच्या झोपडीला लागणारे बांबू, कोंबड्या, पोरं, सगळं वर लादलेलं. माणसं चहा पीत होती. एका ट्रॉलीवर गाठोड्यांच्या ढिगावर कौशी, मांडीवर भाऊ. मला बघून तिनं तोंड फिरवलं.

बबन पुढं आला. "मामा? हितं कुटं?"

मी त्याला बाजूला घ्यायला लागलो. म्हटलं, "जरा इकडं ये, बोलायचंय."

"हितंच बोला की. गावाम्होरं हारली ती, बाजूला कशापायी बोलायचं?"

बरोबर होतं त्याचं. चाळीसपन्नास माणसं कप हातात धरून बघत होती. म्हटलं, "त्या दिशी कौशीचं उत्तर बराबर व्हतं. माझं चुकलं."

शेवटचं नुसतं दोन शब्दांचं वाक्य. पण ते तोंडातून काढताना कुणी दाढ उपटतंय असं वाटलं.

गर्दीतून एकजण म्हणाला, "काय मामा, ऐकू न्हाई आलं." मला ठाऊक आहे, त्याला ऐकू आलं होतं. तो आमच्याच शाळेतला, उशिरा येऊन कारण पुटपुटायचा, तेव्हा मी त्यालाही असंच म्हणायचो. मी मोठ्यानं परत सांगितलं. कडबा, वीस पाचुंदे, ट्रकवाला, सगळं. लोक हसले. बबन हसला नाही.

"मंग जिकली म्हनायची?"

"जिकली."

"आता सांगता व्हय? समदं लादून झाल्यावर? ह्या पोराकडं कोन बघायचं?"

एकतीस वर्षांत मी हजारो प्रश्न विचारले, हा एक मला विचारला गेला आणि पांडूसारखे माझ्याही तोंडावर बाराच आले.

उत्तर बबनच्या बायकोनं दिलं. ती चाकाशी बसून भाकरी बांधत होती. माझ्याशी ती कधी दोन शब्द बोलली नव्हती. तिनं पदर खोचला, ट्रॉलीवर हात वर करून म्हणाली, "दी त्याला हिकडं. मी बांधीन पाठीला. तू उतर खाली."

बबन म्हणाला, "आगं, तोडताना..."

"तुमी सबूद दिलता न्हवं का गावाम्होरं? मंग?"

कौशी उतरली. भावानं असा टाहो फोडला की कोंबड्या फडफडल्या. आईनं त्याला पाठीशी बांधला आणि लेकीच्या हातात दोन भाकरी दिल्या. पुढचे चार महिने ती पोर पाठीला बांधून ऊस तोडत होती, हे मी विसरलेलो नाही. ते ओझं माझ्या चुकीच्या टोल्याचं नव्हतं, मी बरोबर टोला दिला असता तरी ते तिच्या वाट्याला आलंच असतं. पण तिनं ते हसत घेतलं की रडत, हे मी बघितलं नाही. बघायचं टाळलं.

परत येताना टेम्पोत रिकाम्या कॅनच्या मधी आम्ही दोघं. कॅन इतके वाजत होते की बोलणं अवघड. अर्ध्या वाटेवर कौशी ओरडून म्हणाली, "मामा!"

"काय गं?"

"रेघ पुसलेली परत वढायची. आन् एक जास्तीची."

"जास्तीची कशापायी?"

"मी सांगितलं तरी तुमी ऐकलं न्हाई, त्याची."

मी म्हटलं, "हे कुठल्या नियमात बसतं?"

"तुमी नियम करा."

केला. सोमवारी भिंतीवर दोन रेघा ओढल्या आणि वर्गाला नवा नियम सांगितला. पंच चुकला असं ज्याला वाटेल त्यानं उभं राहून सांगायचं, आणि कसं ते दाखवायचं. खरंच चुकला असेल तर दोन रेघा. पोरं लई माजली त्यानं. रोज कुणीतरी उठायचं, "मामा, चुकलात!" आणि खडू घेऊन भिंतीवर मांडून दाखवायचं. मला शहाणं करायच्या नादात ती स्वतः किती गणितं सोडवत होती, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. गुरुजी टँकरवरून परतले तेव्हा उजळणी त्यांनी माझ्याकडंच ठेवली आणि आपल्या तासाला पण तोच नियम लावला, पण त्यांच्यावर पोरं इतक्या जोरात उठत नसत. कौशी चौथी पास झाली, पाचवीला आष्टीला गेली, पुढं नर्स झाली. गेल्या दिवाळीला भेटली तेव्हा आधी हेच विचारलं, "मामा, अजून चुकता का?"

त्या नियमानंतर नोकरी संपेपर्यंत मी रोज दोनतीनदा तरी चुकायचो. गावाला वाटायचं, मामा मुद्दाम चुकतात, पोरांना उठवायला. निम्म्या वेळा खरंच मुद्दाम असायचं. उरलेल्या निम्म्याबद्दल मी कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.